ज्युलिएट नुसती बसते तेव्हा

मावशीला ऐकू येईनासं होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. बोलपट तिने सोडूनच दिले होते. ओठ हलताना दिसतात आणि कळत काही नाही, याचा तिला फार त्रास व्हायचा. म्हणून एका रविवारी दुपारी मी घरच्या टीव्हीवर ‘रोमिओ आणि ज्युलिएट’चा बॅले लावला. यात कोणी बोलतच नाही, तेव्हा तिचं फारसं काही हुकणार नाही, असा माझा हिशेब. तिसऱ्या अंकात आईबाप ज्युलिएटला पॅरिस या ठरवलेल्या नवऱ्याबरोबर नाचायला उभं करतात. मी संगीतात गुंगले होते. मावशीने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “अगं, ही पोर मेलीय.”

आमचं बोलणं वहीवर चालायचं. मी लिहिलं, “अजून नाही. अजून तिने औषधसुद्धा घेतलेलं नाही.”

मावशीने वाचलं आणि मान हलवली. “हात बघ तिचे.”

मी तेवढा भाग मागे नेला, आवाज पूर्ण बंद केला आणि पुन्हा पाहिला. पॅरिस तिला उचलतो तेव्हा ती उचलली जाते, एवढंच. तो तिचा हात धरून वर नेतो, हात वर जातो. सोडतो, हात खाली पडतो. मनगटात जीव नाही, नजर कुठेच नाही. हा नाच मी याआधी निदान सहा वेळा पाहिला होता आणि प्रत्येक वेळी कान जागे होते, डोळे अर्धे मिटलेले. बॅलेचा चित्रपट कसा पाहायचा, हे मी त्या दुपारपासून शिकले. आयुष्यात कधी बॅले पाहिला नाही आणि सुरुवात कुठून करावी कळत नाही, असं सांगणाऱ्या प्रत्येकाला मी हीच पद्धत सांगते.

आधी गोष्ट. ती माहीत आहेच, असं धरून चालू नका. दोन घराणी, वैर, चोरून लग्न, शेवटी दोघंही मरतात, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण मधले दुवे निसटलेले असतात आणि बॅलेत नेमके तेच दुवे नाचून सांगता येत नाहीत. फ्रायर लॉरेन्स हा साधू ज्युलिएटला गुंगीचं औषध देतो, हे शिशीवरून कळतं. पण ‘ती मेलेली नाही, झोपली आहे’ हे सांगणारं पत्र रोमिओपर्यंत पोचत नाही, हे कसं नाचायचं? ब्रिटिश नृत्यरचनाकार केनेथ मॅकमिलनच्या बॅलेत ते दाखवलेलंच नाही. शयनगृहातून आपण थेट कबरीत येतो. ज्याला पत्राची गोष्ट माहीत नाही त्याला रोमिओ तिथे विष घेऊन का आला, हे उमगत नाही. मावशीसाठी मी वहीच्या एका पानावर दहा ओळींत गोष्ट लिहिली होती आणि खाली नावं: मोंटेग्यू रोमिओचे, कॅप्युलेट ज्युलिएटचे, टिबाल्ट तिचा मामेभाऊ, मर्क्युशिओ रोमिओचा मित्र, पॅरिस ठरवलेला नवरा. कोण कोणाचा, हे कपड्यांच्या रंगावरून ओळखायला शिका. पहिल्याच प्रवेशात चौकात तलवारी निघतात, तिथे फार उपयोग होतो. ही नावं पाठ करायला अर्धा तास लागतो आणि पुढचे दोन तास सुखाचे जातात.

आणखी एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. वेरोनाची ही कहाणी शेक्सपिअरच्या आधीची आहे. लुइजी दा पोर्तो या इटालियन लेखकाने ती 1530 च्या आसपास छापली, बांदेल्लो या दुसऱ्या इटालियन लेखकाने 1554 मध्ये पुन्हा सांगितली, आर्थर ब्रूकने 1562 मध्ये तिची इंग्रजी कविता केली. दा पोर्तो आणि बांदेल्लो या दोघांकडे ज्युलिएटला जाग येते तेव्हा रोमिओ विष प्यायलेला असतो, पण अजून जिवंत असतो. दोघांना काही क्षण मिळतात. शेक्सपिअरने तेवढेही ठेवले नाहीत. म्हणजे या दंतकथेचा शेवट पहिल्यापासून हलता राहिला आहे. हे का सांगते आहे ते पुढे कळेल.

आता कोणता चित्रपट? तीन सांगते, आणि माझा क्रम वर्षांप्रमाणे नाही.

पहिल्यांदा 1966 चा पाहा. दिग्दर्शक पॉल झिनर, नृत्यरचना मॅकमिलनची, ज्युलिएट मार्गो फॉन्टेन, रोमिओ रुडॉल्फ नुरेयेव्ह. झिनर अनेक कॅमेरे एकाच वेळी लावून सलग नाच टिपायचा. त्यामुळे नाच तुकड्यातुकड्यांत कापल्यासारखा वाटत नाही. रंगमंच रंगमंचच राहतो, आपल्याला फक्त चांगली खुर्ची मिळते. लांबी दोन तासांच्या थोडी वर. नवख्या माणसाला हे बरं पडतं, कारण पाय, हात आणि चेहरा एकत्र दिसतात.

दुसऱ्यांदा 1955 चा सोव्हिएत चित्रपट. मोसफिल्म स्टुडिओचा, लेव आर्नश्ताम आणि लिओनिद लाव्रोव्स्की यांनी दिग्दर्शित केलेला, नृत्यरचना लाव्रोव्स्कीची, ज्युलिएट गॅलिना उलानोवा आणि रोमिओ युरी झ्दानोव. त्या वर्षी कान महोत्सवात त्याला काव्यात्म चित्रपटाचं पारितोषिक मिळालं. इथे कॅमेरा नाटकगृहातून बाहेर पडतो. तिसऱ्यांदा 2019 चा, मायकल नन आणि विल्यम ट्रेविट यांनी केलेला, फ्रान्सेस्का हेवर्ड आणि विल्यम ब्रेसवेल यांचा. रचना पुन्हा मॅकमिलनचीच, पण हंगेरीत उभारलेल्या गल्ल्याबोळांच्या सेटवर, दीड तासात बसवलेली. श्वास आणि घाम जवळून दिसतो. तरुण मंडळींना हाच आधी आवडतो, त्याला माझी हरकत नाही. पण एकच रचना 1966 आणि 2019 मध्ये लागोपाठ पाहिली, की कॅमेऱ्याने काय मिळवलं आणि काय गमावलं ते आपलं आपल्याला दिसतं.

वयाबद्दल आधीच सांगून ठेवते, नाहीतर पहिली दहा मिनिटं वाया जातात. शेक्सपिअरची ज्युलिएट चौदाचीही नाही. उलानोवा 1910 ची, फॉन्टेन 1919 ची. म्हणजे दोघीही पडद्यावर पंचेचाळिशीच्या घरातल्या किंवा तिच्या पुढच्या. चेहरा जवळून आला की हे जाणवतं. त्यासाठी टीव्हीपासून जरा लांब बसा, चेहऱ्यावरची नजर काढून पाठीवर आणि पावलांवर ठेवा. उलानोवा दाईभोवती पळते तेव्हा तिची टाच जमिनीला लागते न लागते. ते पाऊल चौदा वर्षांच्या मुलीचं आहे. मावशीला मी वय सांगितलंच नव्हतं. पाहून झाल्यावर सांगितलं, तर तिचा विश्वास बसला नाही.

यानंतरचा टप्पा लोक टाळतात आणि तोच माझ्या मते सगळ्यात मोलाचा आहे. कान आणि डोळे वेगळे करायचे. अख्ख्या चित्रपटाला हे करायची गरज नाही. चार प्रवेश निवडा: ज्युलिएटचा पहिला प्रवेश, मेजवानी, बाल्कनी, आणि तिसऱ्या अंकातलं शयनगृह. प्रत्येक आधी मुका पाहायचा, मग पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकायचा, मग दोन्ही एकत्र.

ऐकताना तीन गोष्टी ओळखता आल्या की पुरे. एक, ज्युलिएटचं धावणं: व्हायोलिनवर झरझर वर जाणारे स्वर, जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन करून चढल्यासारखे. दोन, मेजवानीतला सरदारांचा नाच, जो जाहिरातींतून सगळ्यांच्या कानावरून गेलेला असतो. खाली जड पावलं, वर व्हायोलिनची उड्या मारणारी सुरावट. हे संगीत भव्य म्हणून ऐकण्याची सवय झाली आहे. पडद्यावर पाहिलंत तर ते त्या घराचं वजन आहे. त्याच्या मधोमध सगळा गडगडाट थांबतो आणि बासरीवर एक थंड, हळुवार चाल येते. ती ज्युलिएट आणि पॅरिसच्या नाचाची. सुंदर आहे, पण ऊब नाही. आणि तीन, प्रेमाची धून. ती सुरुवातीच्या संगीतातच ऐकवून ठेवलेली असते, म्हणजे पडदा उघडण्याआधीच आपल्याला ती माहीत होते, त्या दोघांना माहीत नसते.

टिबाल्ट मरतो तिथे मुका प्रयोग करू नका. तिथे वाद्यवृंद एकच कठोर आघात पुन्हा पुन्हा करतो. मोजा, पंधरा भरतात. मावशीने हा प्रवेश हात टीव्हीखालच्या लाकडी कपाटावर ठेवून पाहिला. तिला ते आघात तळहाताला कळले. बोटांनी तीही मोजत होती.

मुकं पाहताना कशाकडे पाहायचं? गिरक्या आणि उड्यांकडे आपोआप लक्ष जातं, त्यांची काळजी नको. लक्ष द्यायचं ते नाचणारा माणूस नाचत नसतो तेव्हा. मॅकमिलनच्या रचनेत पहिल्यांदा ज्युलिएट दिसते ती बाहुलीशी खेळताना. पॅरिसला भेटवतात तेव्हा ती दाईच्या आड लपते. प्रवेशाच्या शेवटी दाई तिला तिच्याच छातीवर हात ठेवायला लावते: बाई, तू मोठी झालीस. ज्युलिएट क्षणभर गोठते. एकही अवघड पदन्यास नाही, आणि मूल संपतं. पुढे तिसऱ्या अंकात पॅरिस जवळ येतो तेव्हा ती पायांच्या टोकांवर उभी राहून बारीक बारीक पावलांनी मागे सरकत जाते. पाय इतके जलद आणि वरचं अंग इतकं ताठ, की कोणीतरी तिला दोरीने मागे ओढत असावं. बॅलेत ही बारीक पावलं एरवी तरंगण्यासाठी वापरतात. इथे ती नकार आहेत. हे एकदा दिसलं की बाकीच्या पदन्यासांचे अर्थ कोणी सांगावे लागत नाहीत.

आता पलंग. मी या बॅलेची चाहती झाले ती या पलंगापायी, म्हणून इथे जरा रेंगाळते.

आईबाप ओरडून निघून गेले आहेत. रोमिओ हद्दपार आहे. दाईसुद्धा गेली. ज्युलिएट पलंगाच्या कडेवर बसते. पाय समोर, हात मांडीवर, नजर सरळ आपल्याकडे. आणि काहीही करत नाही. प्रेमाची धून मात्र खालून उसळून वर येते, अख्खा वाद्यवृंद तिच्या वतीने सगळं बोलून टाकतो आणि ती हलत नाही. आवाज बंद करून हा प्रवेश पाहिलात तर एक बाई बसली आहे, एवढंच दिसेल. फक्त ऐकलात तर वादळ. दोन्ही एकत्र केल्यावरच कळतं की निर्णय तिच्या आत होतो आहे आणि आपण तो होताना पाहतो आहोत. मग ती झगा उचलते आणि फ्रायर लॉरेन्सकडे धावत सुटते. लाव्रोव्स्कीच्या जुन्या रचनेतही ही धाव आहे, आणि उलानोवाची ती धाव बॅलेच्या जगात आजही सांगितली जाते. धावायला काय लागतं, असं वाटेल. दोन्ही चित्रपटांतली धाव एकापाठोपाठ लावून पाहा.

याच पलंगाची एक जुनी हकिकत आहे. 1940 च्या जानेवारीत लेनिनग्राडला लाव्रोव्स्कीचा प्रयोग उभा राहत होता, तेव्हा नर्तकांना रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हचं हे संगीत पायात घेताच येत नव्हतं. वाद्यवृंद इतका नाजूक बांधलेला, की रंगमंचावर पलंगापाशी असणाऱ्यांना तो ऐकूच यायचा नाही. तक्रार केल्यावर प्रोकोफिएव्ह चिडला, तुम्हाला संगीत नको, ढोल हवेत म्हणाला. मग स्वतः रंगमंचावर येऊन पलंगावर बसला आणि ऐकू लागला. ऐकल्यावर मात्र त्याने तो भाग पुन्हा लिहायचं कबूल केलं. ही हकिकत मी मावशीला वहीवर लिहून दाखवली. तिने ती दोनदा वाचली. “म्हणजे तिलाही ऐकू येत नव्हतं,” ती म्हणाली.

प्रोकोफिएव्हने 1935 मध्ये हे संगीत लिहिलं तेव्हा शेवट सुखाचा होता. रोमिओ पोचतो, ज्युलिएट जागी होते, दोघं नाचतात. पुढे त्याने कारण दिलं ते नाचणाऱ्याच्या बाजूचं: जिवंत माणसं नाचू शकतात, मरणारी आडवी पडून नाचू शकत नाहीत. नंतर त्याला पटवण्यात आलं की तो शोकही नाचता येईल, आणि त्याने शेवट बदलला. पहिला प्रयोग 30 डिसेंबर 1938 ला ब्रनो इथे झाला. ते मूळचं सुखान्त संगीत वापरून मार्क मॉरिसने 2008 मध्ये अमेरिकेत नवी रचना बसवली. आधी या सुखान्ताचं मलाही नवल वाटलं होतं. पण दा पोर्तोची जागी झालेली ज्युलिएट आठवली, आणि प्रोकोफिएव्हला जे वाटलं ते काही परकं नव्हतं.

कबरीचा प्रवेश पाहण्याआधी हे ठाऊक हवं, कारण मॅकमिलनने नेमकी ती अडचण हातात घेतली. त्याचा रोमिओ मेलेल्या ज्युलिएटबरोबर नाचतो. तिला ओढून उभी करतो, बाल्कनीत उचललं होतं तसं उचलायला जातो, आणि ती घसरते. मान मागे लटकते, पाय फरफटतात. लाव्रोव्स्कीच्या चित्रपटात रोमिओ तिला डोक्यावर उंच धरतो, आणि ते दृश्य पुतळ्यासारखं आहे, डोळ्यांत राहतं. मॅकमिलनला पुतळा नको होता. प्रेत प्रेतासारखं दिसावं, सुंदर दिसण्याची धडपड करू नये, असा त्याचा आग्रह होता. ही ज्युलिएट त्याने लिन सेमोर या नर्तकीच्या अंगावर घडवली, रोमिओ ख्रिस्तोफर गेबल या नर्तकाच्या. 9 फेब्रुवारी 1965 च्या पहिल्या प्रयोगाला मात्र उभे राहिले फॉन्टेन आणि नुरेयेव्ह. 43 वेळा पडदा वर गेला म्हणतात. त्या दोघांच्या मोठेपणाला काही बाधा येत नाही, तरी 1966 चा चित्रपट पाहताना मला प्रत्येक वेळी सेमोरची हुरहुर लागते. पलंगावरचं ते नुसतं बसणं, ते लटकणारं अंग, हे तिच्या शरीराने शोधलेलं आहे आणि तो शोध लागताना कॅमेरा तिथे नव्हता.

कबरीचा प्रवेश तिसऱ्या अंकातल्या पॅरिसच्या नाचाला लागून पाहा. मधला भाग पुढे ढकला, हे एकदाच करायचं आहे. पॅरिसच्या हातातलं निर्जीव मनगट आणि रोमिओच्या हातातलं निर्जीव मनगट शेजारी ठेवा. मावशी त्या रविवारी जे बोलली ते इथे उघड दिसतं. मधे एक प्रवेश आहे, तोही सोडू नका: ज्युलिएट औषध घेऊन निपचित पडली आहे, बाहेर मँडोलिन वाजतात, मैत्रिणी लिलीची फुलं घेऊन लग्नाच्या सकाळी तिला उठवायला येतात आणि तिच्याभोवती नाचतात. पुन्हा तोच पलंग. आधी कडेवर बसलेली, आता आडवी.

थांबवून पाहण्याबद्दल एक सूचना. पहिल्या वेळी कुठेही थांबवू नका. दुसऱ्या वेळी दोनच ठिकाणी थांबवा. पहिलं, बाल्कनीचा शेवट. ती वर गेली आहे, गुडघ्यावर बसून हात खाली सोडते, तो टाचा उंचावून हात वर करतो. बोटांमध्ये अंतर उरतं. त्या चौकटीवर थांबा आणि ते अंतर नीट पाहून घ्या. दुसरं, अगदी शेवट. ज्युलिएटने खंजीर खुपसला आहे, रोमिओ खाली जमिनीवर आहे, ती दगडी चौथऱ्यावरून सरपटत त्याच्याकडे जाते आणि पाठीतून उलटी वाकत हात खाली सोडते. शेक्सपिअरकडे यानंतर घराण्यांचा समेट आहे, लाव्रोव्स्कीकडेही आहे. मॅकमिलन तो करत नाही, पडदा इथेच पाडतो.

तिचा हात कुठवर पोचतो ते पाहा, आणि बाल्कनीतल्या चौकटीशेजारी ठेवा. 1966 च्या चित्रपटात पाहा, मग 2019 च्या. मावशी आणि मी हे करून पाहिलं तेव्हा तिने वही माझ्याकडून काढून घेतली आणि दोन हात काढले, एक वरून येणारा आणि एक खालून जाणारा. मधे कोरी जागा सोडली. पान अजून वहीत आहे.